कॅन्सस सिटीचं मैदान आणि एका मतपत्रिकेत कोंबलेले अनेक प्रश्न

कॉफमन स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या उघड्या डिकीपाशी, ते मैदान हलवायच्या विषयावर मित्राशी माझं पहिलं भांडण झालं. शेगडीवर कणसं भाजत होती, शेजारच्या गाडीवाल्यांचा बार्बेक्यूचा धूर आमच्याकडे येत होता. मॅच सुरू व्हायला तास होता. मी म्हणालो, मैदान शहराच्या मध्यात गेलं पाहिजे. त्याने कणीस उलटवलं आणि म्हणाला, "तू राहतोस ओव्हरलँड पार्कला. मत मी देणार, कर मी भरणार. तू बोलून मोकळा."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं असण्यातच या प्रकरणाची अर्धी गाठ आहे. कॅन्सस सिटी हे महानगर दोन राज्यांत पसरलेलं आहे. मधून जाणाऱ्या स्टेट लाइन रोडच्या पश्चिमेला कॅन्सस, पूर्वेला मिझुरी. मी आणि माझ्यासारखी पुष्कळ मराठी घरं पश्चिमेला, जॉन्सन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा). रॉयल्स हा बेसबॉलचा संघ आणि चीफ्स हा अमेरिकन फुटबॉलचा, दोघांची मैदानं पूर्वेला, मिझुरीच्या जॅक्सन काउंटीत. माझा मित्र लीज समिटला राहतो, म्हणजे जॅक्सन काउंटीतच. संघ आमचा दोघांचा, पण मत त्याचं एकट्याचं.

2 एप्रिल 2024 रोजी जॅक्सन काउंटीत त्या मतावर निकाल लागला. नव्या डाउनटाउन, म्हणजे शहराच्या मध्यातल्या, मैदानासाठी (आणि चीफ्सच्या जुन्या मैदानाच्या दुरुस्तीसाठी) 40 वर्षांचा विक्रीकर मागितला होता. सुमारे 58 टक्के लोकांनी नाही म्हटलं. या निकालाचा अर्थ पुढे अनेकांनी "लोकांना डाउनटाउनमध्ये मैदान नको होतं" असा लावला. मला तो चुकीचा वाटतो. चाहते जे प्रश्न वर्षभर घासून-पुसून बोलत होते, त्यातला एकही प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता, असं माझं म्हणणं आहे.

आधी जे मैदान सोडायचं होतं त्याबद्दल सांगतो, कारण ते न पाहिलेल्या माणसाला हा वाद कळणार नाही.

रॉयल्सच्या आधी या शहरात ॲथलेटिक्स हा संघ होता. 1955 साली तो फिलाडेल्फियाहून आला आणि 1967चा हंगाम संपताच मालकाने तो ओकलंडला नेला. शहराला हे फार लागलं. त्याच वर्षी, 1967च्या उन्हाळ्यात, जॅक्सन काउंटीच्या लोकांनी दोन मैदानांसाठी कर्जरोखे मंजूर केले होते. मैदानं व्हायच्या आधीच संघ निघून गेला. औषध कंपनी चालवणाऱ्या यूइंग कॉफमन यांनी नवा संघ उभा केला, 1969 साली रॉयल्स खेळायला लागले, आणि 10 एप्रिल 1973 रोजी नवं मैदान उघडलं.

त्या काळात अमेरिकेत जी ती शहरं फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी एकच गोल वाटीसारखं मैदान बांधत होती. कॅन्सस सिटीने दोन वेगळी बांधली, शेजारी शेजारी. म्हणून रॉयल्सचं मैदान निव्वळ बेसबॉलसाठी घडवलेलं राहिलं. वरच्या डेकवर बसलं की समोर 322 फूट रुंदीचे कारंजे, त्यांच्यामागे मुकुटाच्या आकाराचा मोठा धावफलक, आणि त्याहीमागे आय-70 महामार्गावरून जाणारे ट्रक दिसतात. लोक त्याला प्रेमाने नुसतं "द के" म्हणतात. होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे, निळ्या खुर्च्यांत एकच खुर्ची लाल आहे. ती बक ओनील यांची. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सचे ते खेळाडू आणि नंतर व्यवस्थापक. म्हातारपणी ते याच भागात बसून मॅच बघायचे. ते गेल्यानंतर प्रत्येक मॅचला समाजासाठी काही केलेल्या एका माणसाला त्या खुर्चीवर बसवतात. मी पहिल्यांदा मुलीला घेऊन गेलो तेव्हा तिने विचारलं होतं, "बाबा, ती एकच लाल का?" उत्तर द्यायला मला एक संपूर्ण इनिंग लागली.

तर असं मैदान. पण ते शहरात नाही. डाउनटाउनपासून बारा-तेरा किलोमीटरवर, दोन महामार्ग मिळतात तिथे, चहूबाजूंनी डांबरी पार्किंगचा समुद्र. मॅच संपली की गाडीत बसायचं आणि घरी. आसपास चालत जाऊन चहा-कॉफी प्यावी अशी एक टपरी नाही. ज्याने मुंबईत वानखेडेवरून मॅच सुटल्यावर गर्दीबरोबर चर्चगेटला चालत जाण्याचा अनुभव घेतला आहे आणि पुण्याजवळच्या गहुंज्यालाही एक्स्प्रेसवेच्या कडेला गाडी लावली आहे, त्याला हा फरक एका वाक्यात कळेल.

2019 साली जॉन शर्मन यांच्या नेतृत्वाखालच्या स्थानिक गटाने सुमारे एक अब्ज डॉलरला संघ विकत घेतला. 15 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांनी चाहत्यांना उघड पत्र लिहून सांगितलं की डाउनटाउनमध्ये किंवा त्याच्या जवळ नवं मैदान आणि त्याभोवती वसाहत, मिळून दोन अब्ज डॉलरचा प्रकल्प उभारायचा आहे. कारण दोन. एक, जुन्या मैदानाचं काँक्रीट आतून बिघडत चाललंय. सिमेंटमधले क्षार आणि खडीतली सिलिका यांची ओलाव्यात रासायनिक क्रिया होते, त्यातून फुगणारा जेल तयार होतो आणि काँक्रीटला आतून तडे जातात. याला इकडे "काँक्रीटचा कॅन्सर" म्हणतात. संघाचं म्हणणं असं की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या घरात जातो. दुसरं कारण पैशाचं, आणि ते लपवलेलं नव्हतं. आजचं मैदान तिकिटांवर चालत नाही, आसपासच्या जमिनीवर चालतं. अटलांटाच्या संघाने 2017 साली नवं मैदान बांधलं ते भोवतालच्या हॉटेल-दुकान-घरांसकट. तो नमुना सगळ्या मालकांच्या डोळ्यासमोर आहे. आणि तो नमुना डाउनटाउनमधला नाही, उपनगरातला आहे, ही गोष्ट आमच्या वादात कुणी फारशी बोललंच नाही.

चाहते मात्र बोलत होते ते वेगळंच. वर्षभर ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, गणपतीच्या आरतीनंतर, मुलांच्या फुटबॉलच्या मैदानाकडेला मी हा वाद ऐकला आणि घातला.

डाउनटाउनच्या बाजूचे लोक डेन्व्हर आणि सॅन दिएगोची उदाहरणं देत. डेन्व्हरच्या मैदानाभोवतीचा गोदामांचा भाग 1995 नंतर गजबजला, हे तिथे जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. आमच्याकडे 2016 साली स्ट्रीटकार सुरू झाली, 2007 पासून मोठं इनडोअर संकुल आहे, त्याच्यासमोर खाण्यापिण्याचा भाग आहे. मैदान आलं की हे सगळं एकमेकांना धरून चालेल. बेसबॉलच्या घरच्या मॅच वर्षाला 81 असतात. फुटबॉलच्या आठ-नऊ. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर चालत मैदानात जायचं आणि मॅच संपल्यावर जेवून घरी यायचं, ही सोय 81 दिवसांसाठी मोठी आहे. मी याच बाजूचा होतो, आणि आहे.

दुसऱ्या बाजूची माणसं टेलगेटिंगबद्दल, म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये गाडीपाशी शेगडी पेटवून खाण्यापिण्याबद्दल, बोलत. आपल्याला ती गोष्ट फक्त धूर आणि बिअर वाटते, पण या शहरात ती पिढ्यांची रीत आहे. आजोबांनी ज्या रांगेत गाडी लावली त्याच रांगेत नातू लावतो. डाउनटाउनच्या पार्किंग इमारतीत शेगडी कुठे पेटवणार? शिवाय पूर्वेकडच्या इंडिपेंडन्स, ब्लू स्प्रिंग्जसारख्या गावांतून येणाऱ्यांना आजचं मैदान दारात आहे. आणि एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा, ज्याला मला कधी नीट उत्तर देता आलं नाही: शेजारचं चीफ्सचं मैदान, ॲरोहेड, याच्या एक वर्ष आधी, 1972 साली उघडलं, ते दुरुस्त होऊ शकतं आणि हे पाडायचं, असं का? काँक्रीटचे तपशीलवार अहवाल लोकांसमोर वेळेत आणि पुरते मांडले असते, तर हा संशय इतका वाढला नसता.

ऑगस्ट 2023 मध्ये संघाने दोन जागा दाखवल्या. एक डाउनटाउनच्या पूर्व टोकाची ईस्ट व्हिलेज, दुसरी नदीपलीकडे क्ले काउंटीतली नॉर्थ कॅन्सस सिटी. सप्टेंबरअखेर निर्णय सांगू म्हणाले, सप्टेंबर उलटला. चाहते दोन जागांचे नकाशे घेऊन भांडत बसले. मग 13 फेब्रुवारी 2024 रोजी तिसरीच जागा जाहीर झाली: क्रॉसरोड्स.

क्रॉसरोड्स हा डाउनटाउनच्या दक्षिणेला लागून असलेला भाग. जुन्या विटांच्या गोदामांत चित्रकारांची दालनं, छोटी रेस्टॉरंटं, वाद्यांची आणि छपाईची दुकानं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रस्ते माणसांनी भरतात. मैदानासाठी मुख्य जागा होती तिथल्या वर्तमानपत्राच्या रिकाम्या छापखान्याची, 2006 साली उभी राहिलेल्या त्या मोठ्या काचेच्या इमारतीची. तेवढीच असती तर गोष्ट वेगळी होती. पण आराखड्यात आजूबाजूचे चालते धंदेही येत होते. मालकांना आपलं दुकान नकाशात पुसलेलं आहे हे इतरांबरोबरच कळलं. काहींनी नुकतीच कर्ज काढून जागा नटवली होती. मतदानाला उरले होते सात आठवडे.

मी त्या शनिवारी मुद्दाम तिथे चालत फिरलो. एका दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता, मैदानाला विरोध करणारा, आणि त्याच काचेत आत रॉयल्सची निळी टोपी विकायला ठेवली होती. माझं मत त्या दिवशी बदललं नाही. पण मी डाउनटाउन म्हणताना कुणाच्या जागेबद्दल बोलतोय हे मला तोवर दिसलंच नव्हतं, हे कबूल करतो.

घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, 14 फेब्रुवारीला, चीफ्सच्या सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची अंतिम मॅच) विजयाची मिरवणूक होती. ती संपता संपता युनियन स्टेशनपाशी गोळीबार झाला. एक बाई गेली, वीसहून अधिक जखमी झाले, त्यात लहान मुलं होती. युनियन स्टेशन क्रॉसरोड्सच्या दक्षिण टोकालाच आहे. पुढचे कित्येक दिवस शहरात दुसरा विषय नव्हता, आणि नसायलाच हवा होता. आराखड्यावर निवांत चर्चा करायचे जे थोडे आठवडे होते, त्यातले असे गेले.

आता फ्रँक व्हाइट यांच्याबद्दल. या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा माणूस तोच. मुलगा असताना ते जुन्या म्युनिसिपल स्टेडियमजवळ वाढले. त्यांची शाळा मैदानाला जवळजवळ चिकटून. तरुणपणी आजचं मैदान बांधणाऱ्या मजुरांत ते होते. संघाच्या अकादमीतून पुढे आले, मग त्याच मैदानावर दुसऱ्या बेसवर खेळले, उत्तम क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले, 1985ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. 2024 मध्ये हेच व्हाइट जॅक्सन काउंटीचे निवडून आलेले प्रमुख होते, आणि कराचा प्रश्न मतदानाला ठेवण्याच्या ठरावावर त्यांनी जानेवारीत नकाराधिकार वापरला. काउंटीच्या सदस्यांनी तो बहुमताने उलथवला. संघाशी त्यांचं आधीच बिनसलेलं होतं, म्हणून हा जुना राग आहे असं खूप लोक म्हणाले. मनातलं मला माहीत नाही. पण त्यांनी मांडलेले मुद्दे हिशेबाचे होते: करार ठरलेला नसताना चाळीस वर्षांचा कर कशाच्या भरवशावर बांधायचा, आणि काउंटीच्या पदरात नक्की काय पडणार? ज्या माणसाने त्या मैदानाचं काँक्रीट ओतताना हात लावला, तो हा प्रश्न विचारतो आहे. त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

मतपत्रिकेवर नक्की काय होतं ते सांगतो. काउंटीत 2006 पासून तीन-अष्टमांश सेंटचा विक्रीकर चालू होता, म्हणजे शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेसदतीस सेंट. त्यातून दोन्ही मैदानांची दुरुस्ती झाली. कॉफमनवर सुमारे 25 कोटी डॉलर खर्चून 2009 पर्यंत त्याचं रूप पालटलं. तो कर 2031 पर्यंत होता. नवा प्रस्ताव होता, तो रद्द करून तेवढ्याच दराचा नवा कर 40 वर्षांसाठी लावायचा. प्रचारवाले म्हणत "करवाढ नाही". दर वाढत नव्हता हे बरोबर. पण संपणारा कर पुढच्या पिढीपर्यंत लांबवणं हे माझ्या मित्राच्या घरात वाढ म्हणूनच मोजलं गेलं. किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर मिझुरीत कमी आहे, स्थानिक कराला ती सवलत नाही. म्हणजे दूध-पावही त्यात आलं. चाळीस वर्षांत अंदाजे दोन अब्ज डॉलर. रॉयल्स स्वतः एक अब्ज घालू म्हणत होते, चीफ्स ॲरोहेडच्या 80 कोटींच्या कामात 30 कोटी.

अर्थतज्ज्ञांनी गेली तीसेक वर्षं हा विषय खणून काढलाय आणि त्यात दुर्मीळ एकमत आहे: मैदानावर घातलेला सरकारी पैसा शहराच्या उत्पन्नातून परत येत नाही. माणूस मॅचला शंभर डॉलर खर्चतो तेव्हा ते तो दुसऱ्या कुठल्या हॉटेलात, सिनेमात खर्चणार होता. मी हे मान्य करतो. तरी मला मैदान हवं होतं, कारण बाग किंवा वाचनालयही आपण नफ्यासाठी बांधत नाही. पण मग ते तसं सांगावं. नोकऱ्या आणि उलाढालीचे आकडे दाखवून लोकांकडे कर मागितला, की लोक आकड्यांवरच बोट ठेवणार.

भाडेकरारावर सह्या झालेल्या नव्हत्या. स्थानिकांना काय फायदे देणार याचे आकडे मतदानाला थोडे दिवस उरले असताना बाहेर आले. भाडेकरूंच्या केसी टेनंट्स या संघटनेने दारोदार विरोध केला. आराखड्यात ओक स्ट्रीट हा रस्ता बंद होणार होता. महापौर क्विंटन लुकास यांनी तो चालू ठेवायला सांगितलं, आणि मार्चच्या शेवटी शेवटी संघाने ते मानून आराखडा बदलला. बदल चांगला होता. पण मतदानाच्या तोंडावर नकाशा बदलतो म्हणजे नकाशा अजून शिजलेला नाही, असंच लोकांनी वाचलं.

आणि दोन संघ एकाच प्रश्नात बांधलेले. ॲरोहेड दुरुस्त करा, पण मैदान हलवू नका, असं म्हणायला जागा नव्हती. डाउनटाउन चालेल, पण ही जागा नको. जागा चालेल, पण चाळीस वर्षं नकोत. आधी करार दाखवा, मग हो म्हणतो: यातलं काहीच सांगता येत नव्हतं. फक्त हो किंवा नाही.

माझ्या मित्राने काय केलं ते त्याने निकालाच्या रात्री फोनवर सांगितलं. त्याला डाउनटाउन मैदान हवं होतं! वर्षभर पार्किंगमध्ये माझ्याशी भांडला तो फक्त कर कोण भरणार यावर. आणि मत दिलं त्याने "नाही". त्याच्याच गल्लीतल्या एका निवृत्त बाईंनी "हो" दिलं, त्या "द के" पाडायच्या विचाराने रडणाऱ्यांपैकी होत्या. पण चीफ्स निघून जातील ही भीती त्यांना जास्त होती. म्हणजे मैदान हलावं असं वाटणाऱ्याने नाही म्हटलं आणि हलू नये असं वाटणारीने हो. दोन माणसांवरून मी अख्ख्या काउंटीचा निष्कर्ष काढत नाही. पण तो निकाल "डाउनटाउन नको" असं सांगतो, हे त्या रात्रीपासून मला पटेनासं झालं.

पुढचं थोडक्यात. जून 2024 मध्ये कॅन्सस राज्याने कायदा करून मैदानाच्या 70 टक्क्यांपर्यंत खर्च खास रोख्यांतून उभा करायची तयारी दाखवली. वर्षभराने मिझुरीने 50 टक्क्यांपर्यंतचा आपला कायदा केला. 30 सप्टेंबर 2025 रोजी व्हाइट यांना मतदारांनी पदावरून परत बोलावलं. त्यामागे मालमत्ता कराच्या वाढलेल्या मूल्यांकनाचा राग मोठा होता. 22 डिसेंबर 2025 रोजी चीफ्सनी जाहीर केलं की 2031च्या हंगामापासून ते कॅन्ससमध्ये, वायंडॉट काउंटीत, छत असलेल्या नव्या मैदानात खेळतील. रॉयल्सचं नाव ओव्हरलँड पार्कमधल्या एका मोठ्या कार्यालयीन संकुलाशी जोडलं गेलं, म्हणजे माझ्या घरापासून काही मिनिटांवर. माझ्या मुलीला आनंद झाला. मला झाला नाही. मी डाउनटाउनसाठी भांडलो होतो, माझ्या सोयीसाठी नाही. दरम्यान इथून गेलेल्या ॲथलेटिक्सने ओकलंडही सोडलं. तिथेही बंदराकाठच्या डाउनटाउन मैदानावर वर्षानुवर्षं चर्चा झाली होती. सप्टेंबर 2024 मध्ये तिथली शेवटची मॅच झाली. आमच्याकडचे म्हातारे चाहते ती बातमी वाचून गप्प झाले.

2023 मध्ये 106 मॅच हरलेला संघ 2024 मध्ये, मतदान हरल्याच्या वर्षी, 86 जिंकला आणि नऊ वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा यांकीज संघ इथे खेळायला आला तेव्हा आम्ही दोघं वरच्या डेकवर होतो. थंडी होती, कारंजे चालू होते, मागे आय-70 वर दिव्यांची रांग. मित्राने थर्मासमधला चहा ओतून दिला आणि खाली लाल खुर्चीकडे बघत म्हणाला, "नवीन मैदान झालं तर ही खुर्ची नेतील का रे?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्षात हे कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.